सणाचे लेखन आणि रोजचे लेखन

दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक या दोन गोष्टी मराठी घरात एकाच सुमारास येतात. त्यांच्यातले एक साम्य मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. चकली काय किंवा कथा काय, ती खमंग उतरली आहे की नाही एवढेच आपण पाहतो. ती करणाऱ्याच्या हातांचे काय झाले हे विचारण्याची आपली रीत नाही. लेखक भेटलाच तर आपण विचारतो, "तुम्हाला हे सुचते तरी कसे?" मी शाळामास्तर. फळ्यावरचा खडू झटकून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हा प्रश्न मलाही कैकदा विचारला गेला आहे. खरे सांगायचे, तर सुचते सर्वांनाच. भाजी निवडताना सुचते, एस्. टी.ची वाट पाहताना सुचते, मध्यरात्री कूस बदलताना तर फारच सुचते. अवघड असते ते काल जिथे थांबलो तिथे आज पुन्हा जाऊन बसणे. परवा, तेरवा आणि पुढच्या महिन्यातही बसणे. तेव्हा लेखकाला विचारायचेच, तर "तुम्ही पुन्हा पुन्हा बसता कसे? तुम्हाला कोण बसवते?" असे विचारावे.

हाच प्रश्न घेऊन मी आपल्या काही थोर लेखकांची पाने पुन्हा चाळली. त्यांच्या लेखनाचा दर्जा ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. ते काम अधिकारी समीक्षकांनी केव्हाच केले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. मला कुतूहल आहे ते एवढेच, की ही माणसे लिहीत राहिली ती कशाच्या जोरावर? आणि त्या जोराची खूण त्यांच्या लेखनावर कुठे उमटली आहे का?

सुरुवात आपल्या हातातल्या अंकापासूनच करू. बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' हे आडनाव घेणाऱ्या काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक काढले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. विलायतेत नाताळाचे खास अंक निघत. तशी काही मेजवानी आपल्या वाचकांना आपल्या सणाला द्यावी, ही त्यामागची कल्पना. त्या एका अंकाचे आज शेकडो अंक झाले आहेत. मराठी लेखकाला इतके मोठे आणि इतके नियमित प्रोत्साहन दुसऱ्या कशानेही दिलेले नाही. आषाढात संपादकांचा निरोप येतो, श्रावणात आपण होकार कळवतो आणि भाद्रपदात दिव्याखाली बसतो. मानधन थोडे असेल, पण कोणीतरी मागितले याचे सुख थोडे नसते.

परंतु या उत्सवाची एक दुसरी बाजूही आहे. आपल्यातले पुष्कळ लेखक केवळ दिवाळीपुरते लेखक उरले आहेत. कार्तिकात लेखणी खाली ठेवायची आणि पुढच्या आषाढात निरोप आला की उचलायची. मधले आठ महिने "सध्या काही चालू नाही" असे म्हणायचे. मग दोन महिन्यांत पाच अंकांसाठी पाच कथा लिहायच्या! अशा कथा वाचकाला ओळखू येतात. त्यांचा आरंभ झोकदार असतो, शेवट धक्का देणारा असतो. पण मधला भाग पाहुण्यांच्या घाईत लाटलेल्या पोळीसारखा असतो, कुठे जाड आणि कुठे फाटलेला. लेखकाची बुद्धी कमी पडलेली नसते. कमी पडलेली असते ती हाताची सवय. आठ महिने बंद राहिलेल्या विहिरीचे पहिले पाणी उपसून टाकावे लागते. आपण तेच पाणी पाहुण्यांना पाजतो.

म्हणजे प्रोत्साहन वाईट आहे काय? मुळीच नाही. फक्त आपण प्रोत्साहन कशाला म्हणतो ते तपासले पाहिजे. साधारणतः आपला समज असा, की प्रोत्साहन म्हणजे स्तुती. पाठीवर थाप, सभेतली टाळी, एखादा पुरस्कार. मला वाटते, लिहिणाऱ्या हाताला स्तुतीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीची गरज असते. ती म्हणजे, आपल्या पुढच्या पानाची कोणीतरी वाट पाहत आहे याची खात्री. स्तुती मागच्या पानाची होते. वाट पुढच्या पानाची पाहिली जाते. हा भेद दिसायला लहान आहे, पण मराठी कादंबरीचा सारा आरंभ त्यावर उभा आहे.

हरिभाऊ आपट्यांचेच पाहा. विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. आमच्यासारख्यांना यात थोडा दिलासा वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवले. शिवाय पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थेचे काम होते, नगरपालिकेचा कारभार होता. असा कामात बुडालेला मनुष्य 'पण लक्षात कोण घेतो?' सारखी कादंबरी लिहितो केव्हा? तो ती आठवड्याच्या हप्त्याने लिहितो. 'करमणूक' दर आठवड्याला निघायचे म्हणजे निघायचेच, आणि यमूचे पुढे काय झाले, हे घरोघरी विचारले जायचे. हरिभाऊंना बसवणारे कोणी असेल तर ती ही वाट पाहणारी घरे होत.

या वाट पाहण्याची खूण कादंबरीच्या अंगावर स्पष्ट दिसते. यमू आपली हकीगत सांगते ती एखाद्या शेजारणीने दुपारी ओसरीवर येऊन बसावे तशी. मध्येच थांबते, मागचे आठवते, "ते राहूच द्या" म्हणते आणि पुन्हा तेच सांगू लागते. एका बैठकीत, एका झपाट्यात लिहिलेल्या कादंबरीला हा सूर लाभला नसता. आठवड्याआड भेटणाऱ्या माणसाशी आपण जसे बोलतो तसे हे बोलणे आहे. मुंबईत नवऱ्याजवळ लिहावाचायला शिकलेली आणि पुढे वैधव्याच्या सर्व यातना भोगणारी ही मुलगी वाचकांना आपल्या घरातली वाटली, कारण ती खरोखरच घरातल्यासारखी नियमाने येत राहिली.

पण याच सवयीची वजाबाजूही हरिभाऊंच्या लेखनात दिसते. हप्ता भरायचा म्हणून पाल्हाळ होतो. प्रसंग ताणला जातो. एक गोष्ट संपण्याच्या आत दुसरी सुरू होते आणि त्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. वाट पाहणारा वाचक लेखकाला बसवतो हे खरे. पण तो त्याला धावायलाही लावतो. जो केवळ वाचकाच्या हाकेवर लिहितो, त्याला हाक थांबली की थांबावे लागते. नाहीतर हाक चालू आहे म्हणून सांगण्याजोगे काही उरले नसतानाही सांगत राहावे लागते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या उद्योगापुढे आम्ही सर्वांनी मान लववावी आणि मराठीत वाचनाची गोडी किती जणांना त्यांच्यामुळे लागली हेही विसरू नये. तरीही एवढ्या मोठ्या राशीत साचा वारंवार तोच येतो, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. सवय हात चालवते. हात कुठे न्यायचा, हे सवय सांगत नाही.

आता याच्या अगदी उलट वाटणारे एक उदाहरण घेऊ. साने गुरुजींची 'श्यामची आई'. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजी ही लिहायला बसले आणि जवळजवळ सगळे पुस्तक त्यांनी पाच दिवसांत लिहून काढले. ही हकीगत सांगितली की ऐकणारे म्हणतात, "पाहा! प्रतिभा अशी येते. तिला वेळापत्रक कशाला?" माझे तर्कशास्त्र इथे वेगळे चालते. त्या पाच दिवसांच्या आधी काय झाले होते? १९२४ पासून गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. 'छात्रालय दैनिक' त्याचे नाव. छापखाना नाही, वर्गणी नाही, गावात नाव व्हावे अशी सोय नाही. वाचक म्हणजे वसतिगृहातली मुले. दिवसभर शिकवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, आणि मुलांपुढे लिहिलेली ताजी पाने ठेवायची. हे त्यांनी एकदोन दिवस केले नाही.

मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला याचे मोल जरा अधिक कळते. दिवसभर वर्गात बोलल्यावर माणसाच्या अंगात पत्र लिहिण्याचेही त्राण उरत नाही. तिथे रोजचे दैनिक! तुरुंगातल्या पाच दिवसांत जे वाहिले ते पाणी अमळनेरच्या त्या पानांतून थेंबाथेंबाने साचलेले होते, असे मी समजतो. पुस्तकाची घडणही याला साक्ष आहे. त्यातली प्रकरणे प्रकरणे नव्हेत, त्या रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना होते, मंडळी जमतात, श्याम काल जिथे थांबला तिथून आज पुढे सांगतो. कोणी एका दिवशी आला नाही तर त्याला चुटपुट लागते. म्हणजे जे पुस्तक आपण उत्स्फूर्ततेचा नमुना म्हणून दाखवतो, त्याचा सांगाडाच मुळी नित्यनेमाचा आहे! आणि अंगण लहान आहे, ऐकणारे मोजके आहेत. वाट पाहणारे फार असावे लागत नाहीत. ते ठरावीक वेळी येणारे असावे लागतात.

हे मी माझ्या वर्गातही पाहिले आहे. माझ्या मुलांनी रोज चार ओळी लिहाव्यात असा मी नेम ठेवला आहे. कालपासून आजपर्यंत डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच. गुण नाहीत, शुद्धलेखनाच्या तांबड्या रेघा नाहीत. मी फक्त खाली एक प्रश्न लिहितो. 'विहीर किती खोल आहे?', 'आजी मग काय म्हणाली?' एवढाच. वह्या परत मिळाल्या की मुले 'छान' शोधीत नाहीत, प्रश्न शोधतात. एका वर्षी ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. जाण्याआधीच्या त्याच्या ओळींखाली मी विचारले होते, 'तुमच्या बैलांची नावे काय?' चैत्रात तो परत आला तेव्हा वही भरली होती. बैलांची नावे पहिल्याच पानावर होती. पुढे त्यांचे स्वभाव होते, फडातली थंडी होती, पाचटाच्या खोपीत रात्री ऐकू येणारे आवाज होते. मी विचारले, "अरे, एवढे कसे काय लिहिलेस?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही इचारलं व्हतं नव्हं?" त्या मुलाला निबंधात कधी बरे गुण मिळाले नव्हते. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय त्याला सुचत नसे. आमच्या निबंधाचे हेच दुखणे आहे. तो परीक्षेसाठी लिहिला जातो, आणि परीक्षक काही कोणाची वाट पाहत नसतो.

शाळेतून घराकडे येण्यापूर्वी विलायतेतल्या एका लेखकाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात घराचाच प्रश्न दडलेला आहे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. कचेरीला जाण्यापूर्वी तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःवर दंडक घाली. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात हा सारा हिशेब त्याने उघड मांडलेला पाहून पुष्कळ रसिकांनी नाक मुरडले. कला का अशी घड्याळावर होते? मला मात्र त्या आत्मचरित्रातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ट्रॉलपला पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी घरचा एक म्हातारा मोतद्दार होता. त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. ट्रॉलपने लिहून ठेवले आहे, की आपल्या यशाबद्दल आपण या माणसाचे जितके ऋणी आहोत तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे असू.

हे वाचल्यावर मनात येते, की आपल्याकडच्या लेखकांना पहाटे कोणी उठवले असेल? कोणी चहा ठेवला असेल? उत्तर शोधायला लांब जायला नको. ते स्वयंपाकघरातच आहे. मग पुढचा प्रश्न उभा राहतो. त्या स्वयंपाकघरातल्या बाईला लिहायचे असेल, तर तिला कोण उठवणार? ती तर आधीच उठलेली असते, आणि तिची पहाट आधीच दुसऱ्यांना वाटून झालेली असते.

लक्ष्मीबाई टिळकांना वाचकांपुढे आणताना मला हेच सांगायचे आहे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, आणि तीही संसाराच्या धावपळीत तुटक तुटक. अशा बाईने आयुष्याच्या उतारावर 'स्मृतिचित्रे' लिहिली. ती भागाभागांनी १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली, आणि मराठी आत्मचरित्रात तिच्या तोडीचे पुस्तक दाखवणे आजही कठीण आहे. त्यांना कोणी बसवले? रेव्हरंड टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य आरंभीच्या काही अध्यायांतच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यातले बहुतेक अध्याय स्वतः रचले. पदवीधर पंडितांनी कचरावे असे ते काम होते.

इथे वाट पाहणारा कोण होता? वाचक नव्हे, संपादकही नव्हे. अपुरे राहिलेले काम वाट पाहत होते. वाचकाची हाक थांबू शकते. अपुरे पान घरातच असते. ते रोज दिसते आणि गप्प बसते. मी स्वतः एक नेम यातूनच घेतला आहे. दिवसाचे लेखन कधी संपवून उठायचे नाही. पुढचे वाक्य ठाऊक असतानाच लेखणी ठेवायची. दुसऱ्या दिवशी बसताना ते वाक्य दारात उभे असते आणि बसणे सोपे जाते. 'स्मृतिचित्रे'चा सूर पाहावा. त्यात कुठेही 'आता मी ग्रंथ लिहिते' असा आव नाही. जन्मभर जी बाई रोज काहीतरी निस्तरीत आली, तिने आठवणीही तशाच निस्तरल्या आहेत. एक उचलायची, झटकायची, हसायचे आणि दुसरीला हात घालायचा. रोजच्या कामाची लय तिच्या गद्यात उतरली आहे, आणि तिचा विनोदही त्या लयीतूनच येतो.

आणखी एक पायरी खाली उतरलो म्हणजे बहिणाबाई चौधरी भेटतात. त्यांना लिहिताच येत नव्हते. जळगावकडच्या या शेतकरी बाईने जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या रचल्या. कोणी मागितल्या नव्हत्या, कोणी वाट पाहत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी वेळोवेळी जे टिपून ठेवले तेवढेच आपल्या हाती लागले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला.

माझा सारा युक्तिवाद इथे अडखळतो असे कोणी म्हणेल. वाट पाहणारे कोणी नसताना हे काव्य झाले कसे? तर त्यांना बसवणारे जाते होते. दळण रोज दळावेच लागे, म्हणून गाणे रोज होई. लेखनासाठी वेगळा वेळ त्यांनी काढला नाही. तो मिळालाही नसता. जे काम होणारच होते त्याच्याशी त्यांचे गाणे जोडलेले होते. आमचे लेखन बुडते ते बहुधा यामुळेच, की आम्ही ते रिकाम्या वेळेवर टांगून ठेवतो, आणि रिकामा वेळ हा नातेवाइकांसारखा असतो. सणाला येतो, आणि आला की स्वतःच जागा अडवून बसतो. पण त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की टिपून घेणारे ते दोघे नसते तर हे सगळे पीठ वाऱ्यावर गेले असते. किती घरांतून ते तसे गेले असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही.

तेव्हा सवय कामाच्या लयीशी जोडावी, आणि जवळ कोणी एक तरी घेणारा असावा. पण वर म्हटल्याप्रमाणे, हात कुठे न्यायचा हा प्रश्न उरतोच. तो सुटतो कसा? इथे मला दोन गुरू दिसतात. एक अलीकडचे. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद झाले. त्याचे संपादक श्री. पु. भागवत यांची ख्याती अशी, की ते कथा नुसती छापीत किंवा नाकारीत नसत. ती बारकाईने वाचून, ती कुठे अडली आहे हे लेखकाला दाखवून, पुन्हा लिहायला लावीत. काही लेखकांना हा जाच वाटला. मला ते उत्तम प्रोत्साहन वाटते. 'साभार परत' या दोन शब्दांनी दार बंद होते. पण 'हे पान पुन्हा पाहा' म्हणून परत आलेल्या हस्तलिखितात कोणीतरी पुढच्या खर्ड्याची वाट पाहत असतो. स्तुती लेखकाला आहे तिथेच ठेवते. असा संपादक त्याला एक पाऊल पुढे बोलावतो.

दुसरे गुरू जुने. रामदासांच्या 'दासबोधा'त एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात शाई, कागद, टाक, ओळींमधले अंतर, अक्षराचे वळण यांचे इतके तपशीलवार विवेचन पाहून मी प्रथम चकित झालो. अक्षर गोलसर, सुटे आणि काळेभोर असावे. ओळी सरळ जाव्यात. आणि पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत निघावे, जणू सगळे एकाच टाकाने लिहिले, असा त्यातला भाव आहे. वरवर पाहता ही नकलनविसाला दिलेली शिकवण आहे. पण कादंबरी लिहिणाऱ्याने ती मनाशी धरावी. पहिल्या पानावर जी आस्था असते ती दोनशेव्या पानावर ठेवणे, यापेक्षा अधिक मोठी शैली मला ठाऊक नाही. पहिले पान सणाच्या उत्साहात लिहिता येते. दोनशेवे पान हे नेहमी कुठल्यातरी साध्या मंगळवारी लिहावे लागते. घरात कोणाला तरी ताप असतो, गॅस संपलेला असतो, आणि रोज मरे त्याला कोण रडे या न्यायाने त्या दिवशी टाळी वाजवायला कोणी नसते. पुस्तकाचा खरा कस त्या मंगळवारच्या पानावर लागतो. समीक्षकांनी आरंभ आणि शेवट यांच्यावर जेवढे लिहिले आहे तेवढे या मधल्या पानांवर लिहिलेले नाही.

वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याला शिक्षक होते. पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन गजबजाटापासून दूर, कोकणच्या एका गावात, शाळा सांभाळून, डोळ्यांचे दुखणे सोशीत त्यांनी 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' लिहिल्या. 'ययाती' १९५९ साली आली आणि ज्ञानपीठ १९७४ साली. त्यांची अलंकारिक भाषा आजच्या वाचकाला जड वाटते, आणि तिच्यावरचे पुष्कळसे आक्षेप मला मान्य आहेत. पण शिरोड्याची ती अठरा वर्षे मोजताना माझा हात थांबतो. ज्ञानपीठाची बातमी एका दिवसाची. त्यामागचे दिवस हजारो, आणि ते बहुतेक शाळेच्या घंटेने सुरू झालेले.

दिवाळी अंक वाचणाऱ्या माझ्या घरोघरच्या वाचकांना शेवटी एकच विनंती आहे. आपल्या घरात लिहिणारे कोणीतरी असते. सुनेच्या कपाटात साड्यांखाली एक वही असते. आजोबा जुन्या डायरीत काही खरडत असतात. मुलगी मोबाइलमध्ये रात्री काहीतरी टिपते आणि कोणी आले की पडदा काळा करते. यांना "वा, फार छान" म्हणू नका. त्याने ती लाजतात, आणि पुढच्या वेळी तेवढेच छान करण्याच्या धास्तीने थांबतात. हे अंक वाचून झाले, फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, की कार्तिकातल्या एखाद्या साध्या संध्याकाळी त्यांना सहज विचारा, "पुढे काय झाले मग?" आणि उत्तर येईपर्यंत जरा बसून राहा. दुसऱ्या दिवशीही विचारा. चहा तुम्ही ठेवलात तर आणखी बरे.